साडूभाऊंचा वॉशआउट

माझ्या थोरल्या साडूंइतक्या आत्मविश्वासाने चुकणारा माणूस अवघ्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसावा. सत्तरच्या दशकात ते नळयोजनेचे ओव्हरसियर होते आणि मनुष्यजातीच्या प्रत्येक व्याधीचे मूळ त्यांना पाइपातच सापडे. शेजाऱ्याचा अबोला म्हणजे गंजलेला व्हॉल्व्ह, जावयाचा संताप म्हणजे वाढलेले प्रेशर. धमन्यांविषयी तर ते अशा अधिकाराने बोलत, की शाळेत शरीरशास्त्र शिकवणारा मी मान खाली घालून ऐकत राही. "मास्तर, तुमचं पुस्तक राहू द्या. तूप नळीत गाळासारखं बसते. अन् गाळ काढाले काय लागते? वॉशआउट!" नाचणगावच्या नळाचा तळातला व्हॉल्व्ह उघडून साचलेला गाळ धो धो सोडून देणे, हा त्यांचा नेहमीचा उद्योग, त्याचेच नाव वॉशआउट. हाच प्रयोग ते स्वतःवरही करीत. रोडग्यांची पंगत असली, की गोवऱ्यांच्या धगधगत्या आरात भाजलेले ते कणकेचे गोळे चुरून त्यांवर वाटीभर तूप, मग आणखी वाटीभर, मग लोटाभर कढत पाणी आणि शेवटी दणादण उड्या. या अस्वलनृत्याला ते विज्ञान म्हणत.

एका हिवाळ्यात त्यांच्याच शेतात पंगत होती. उड्या मारता मारता ते एकाएकी छाती धरून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम.

"काऊन जी, दवाखान्यात चाला ना!" त्यांची पत्नी, माझी मोठी मेहुणी, रडकुंडीला आली.

"काई नाई होत. गाळ सुटून राह्यला. अजून एक लोटा आण."

मी कधी नव्हे ते बोललो. "साडूभाऊ, धमनी लोखंडाची नसते. तिची भिंत तीन पदरांची, जिवंत असते. चरबी आतल्या अस्तराखाली, भिंतीतच शिरते, तिथेच फुगते आणि वाट अरुंद करते. पाण्याने ती सुटत नाही. हृदयाचीच वाट बंद होत असेल, तर उशीर करू नका."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. "म्हणजे गाळ पाइपात नाई? पाइपाच्या अंगातच?"

"हो."

"मंग वॉशआउट कुठून काढाचा?"

आयुष्यात प्रथमच त्यांनी मला काही विचारले होते. मी रस्त्यावर उभ्या असलेल्या जीपकडे बोट दाखवले. ते मुकाट्याने उठले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

ते वाचले. पुढे बरीच वर्षे जगलेही. पण घास उचलण्यापूर्वी माझ्याकडे पाहून हळूच विचारीत, "मास्तर, हे चालते काय?" मी नाही म्हटले, की निमूटपणे ताट सरकवीत. ज्या माणसाने एकदा तरी गप्प बसावे म्हणून मी मनोमन देव पाण्यात ठेवले होते, त्याने एकदा तरी मला खोडून काढावे, अशी पुढे प्रत्येक पंगतीत मी वाट पाहिली.