दोन सायकलींची एक गाडी

सोनई-घोडेगाव रस्त्यावर माझी स्कूटर बंद पडली, तेव्हा एक म्हातारबाबा थांबले. दोन सायकली शेजारी शेजारी जोडून त्यांनी एकच गाडी केली होती. डावीकडच्या सीटवर दगड बांधलेला होता.

"तिथं आमची मंडळी बसायची. ती गेली. त्या अंगाला वजन नसलं की गाडी वढती," म्हणत त्यांनी दगड सोडून कडेला ठेवला. "बसा."

मी पायडल मारू लागलो.

"पाय नका मारू तुमी. नुसतं बोलत ऱ्हावा."

मग दिसेल तेच सांगत गेलो. इथं कांदा काढलाय, पलीकडं ऊस उभा आहे. ते प्रत्येक वेळी "व्हय" म्हणायचे.

घोडेगावात मी उतरलो. हँडल धरून ते तसेच बसून राहिले.

"एवढंच जायचं हुतं का?" त्यांनी विचारलं.