साठेखतातली खोडलेली ओळ

दोन हजारनंतरच्या त्या पहिल्या वर्षांत, रसायनशास्त्राची पदवी आणि अंबडच्या एका प्रयोगशाळेतली नोकरी एवढ्या बळावर मी मखमलाबाद रस्त्यालगतच्या एका प्लॉटचे साठेखत केले. प्लॉट मला नकोच होता. विसार द्यायचा, सहा महिन्यांच्या मुदतीत जास्त भाव देणारे गिऱ्हाईक शोधायचे आणि खरेदीखत थेट त्याच्या नावे करवून घ्यायचे, असा माझा हिशेब होता. मधल्या फरकातून पुण्यातल्या पुढील शिक्षणाची सोय होणार होती. मुदत टळली तर विसार, म्हणजे माझी सगळी शिल्लक, बुडणार होता.

पाचव्या महिन्यात एक शिक्षक दांपत्य तयार झाले. त्यांच्या वकिलांनी साठेखत वाचून विचारले, "दुसऱ्याच्या नावे खरेदी देण्याची अट कुठे आहे?"

ती नव्हती. दस्तलेखकाने मसुद्यात ‘किंवा तुम्ही सांगाल त्यांचे नावे’ असे लिहिले होते. अहवालात जादा शब्द न ठेवण्याच्या सवयीने मीच ते पाल्हाळ समजून खोडले होते.

आता सारे प्लॉटच्या मालकीणबाईंच्या संमतीवर होते. एव्हाना भाव चढलेला. नकार देणे त्यांच्या फायद्याचे होते. मी गेले तेव्हा त्या प्लॉटवरचीच शेवंती खुडत होत्या. मी काहीही न लपवता सगळे सांगितले.

"म्हणजे तुला घर बांधायचंच नव्हतं?"

"नाही, मावशी."

"अन् ती ओळ कोणी खोडली?"

"मीच."

त्या हसल्या. "एवढी शिकलीस, अन् नेमकं कामाचं तेवढंच खोडलंस. मास्तर किती जास्त देतोय?"

मी आकडा सांगितला. त्यांनी ओंजळीतली फुले टोपलीत टाकली.

"लय झाले. पण मी बोलले तो भाव मला मिळतोय. वरचं तुझं. फक्त शेवंती निघेपर्यंत ताबा देणार नाय, हे मास्तरला सांग."

मास्तरांनी मान्य केले. पुढे मी जे शिकले, त्याच्या मुळाशी त्या बाईंची ती संमती आहे. कागदाने तिची सक्ती त्यांच्यावर केलेली नव्हती.

खरेदीच्या दिवशी फुलबाजार उरकून त्या थेट नोंदणी कार्यालयात आल्या. कारकुनाने शिक्षकांकडे बोट दाखवून विचारले, "यांना ओळखता का, बाई?"

"त्यांना आजच बघितलं," त्या म्हणाल्या. "हिला ओळखते." आणि त्यांनी सही केली.