प्रथिनाची घडी

माझ्यासारख्याने विज्ञानावर लिहावं, हे धाडसच. चुकलं तर माफ करा. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच.

यीस्टच्या पेशीत नवं प्रथिन अरुंद दारातून आतल्या कप्प्यात जातं. आधीच घडी पडली, तर ते बाहेर अडकतं. ती घडी पडू न देणारं मदतनीस प्रथिन काढलं की काय होतं, हे मला दाखवायचं होतं. प्रयोग दोनदा फसला. आता फसला तर विषय बदलायचा, असं माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या.

आमच्या गावच्या नवी पेठेतल्या दुकानात चादरींच्या घड्या घालणारे वडील हे सगळं ऐकून हसले. "म्हंजे माझ्या उलटं काम की! कर परत."

पुन्हा केला. नमुने तपासणीसाठी पुण्याला पाठवले. नवव्या दिवशी मॅडमचा फोन आला, "अडकलंय रे बाहेर! विषय हाच ठेव."