कमानीचा जास्तीचा पाटा

मुलांनो, तुमच्यातल्या धाकट्याने त्याच्या जीपचा फोटो पाठवला. मोठी चाकं, वर उचललेली बॉडी. सोबत लिहिलंय, "आजी, यातलं तुला काही कळायचं नाही." म्हणून आजच लिहायला बसले. मला कळतं. तुमचे आईवडील जन्मायच्या आधी मी हेच चांदा जिल्ह्यात करून घेतलं होतं, आणि हौस म्हणून नव्हे.

मी तेव्हा मूल गावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. दवाखान्याकडे महायुद्धातून उरलेली एक जीप होती. मूलच्या पुढे धानाच्या बांध्यांमधून बैलगाडीचीच वाट. पावसात दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडत आणि मधे मातीचा उंच वरंबा राही. बैलगाडीचा आस उंच, ती सहज निघून जाई. जीपच्या आसावरचा लोखंडी गोळा मात्र वरंब्यावर टेके आणि चाकं चिखलात नुसती फिरत. एका पावसाळ्यात ती अशीच अडकली. मी पुढे चालत गेले. तळ्यात मासे धरणाऱ्या एका ढिवराच्या घरातली सून बाळंतपणात अडली होती. मी पोचले तेव्हा बाळ गेलेलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तीच सून बाजाराच्या दिवशी दवाखान्यात आली. पुन्हा दिवस गेले होते.

"भादव्यात मोकळी होईन, बाई. यंदा येसान ना तुमी?"

मी हो म्हटलं.

चांद्याला बसणाऱ्या आमच्या वरिष्ठ साहेबांनी हुकूम दिला, पावसाळाभर जीप शेडमध्ये उभी करा, तुम्हीही दवाखान्यातच बसा. मी ऐकून घेतलं आणि लिलावाच्या मालातून लष्करी ट्रकचे मोठे टायर आणवले. त्या टायरांनी गोळा वर उचलला, पण वळताना ते मडगार्डला घासू लागले. तेव्हा चाकांवरच्या चारही कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, एकेक लोखंडी पाटा वाढवून घेतला. बॉडी चार बोटं वर गेली.

आमचा ड्रायव्हर वयाने मोठा. तो जीपभोवती फिरून म्हणाला, "आता चढाले शिडी लागन तुमाले, बाई."

"आणि भाऊ, तुम्हाला?"

"माह्ये पाय मोकळे हायेत ना."

खरं होतं ते. शिकलेल्या बायका तेव्हा गोल पातळ नेसत. मीही नेसे. दुसऱ्या दिवशी आईचं नऊवारी लुगडं काढलं, कासोटा घातला आणि एका दमात वर चढले.

"रोवण्याले चालल्यावानी दिसता," ड्रायव्हर म्हणाला.

"धानातच तर चाललोय. बसा."

मग साहेब आले. आधी जीप पाहिली, मग माझं लुगडं.

"परवानगी कोणी दिली?"

"कोणी नाही."

"गाडी होती तशी करा."

"पावसाळा झाल्यावर बघू."

"मी आजच म्हटलं तर?"

"तर ढिवराच्या सुनेला तुम्ही स्वतः जाऊन सांगा. मी तिला येते म्हणून बसलेय."

साहेब चांद्याला परत गेले.

भादव्यात सकाळीच निरोप आला. मोठ्या टायरांमुळे स्टिअरिंग जड झालं होतं, ड्रायव्हर दोन्ही हातांनी ते ओढत होता. वरंबा आला. खालून गवत घासल्याचा आवाज आला. माती लागली नाही.

बाळ पायाळू होतं. मुलगी. उशिरा रडली, पण रडली. बाहेर सासू ड्रायव्हरला विचारत होती, "काऊन जी, एवढी उंच गाडी कोनाची?"

"बाईची," तो म्हणाला. सरकारची म्हणाला नाही.

पावसाळा संपला. साहेबांनी जीपचं विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षीही पाऊस आहे. मी मूलला होते तोवर ती जीप खाली उतरली नाही.

नंतर वाढवलेल्यातला एक पाटा तुटला. लोहाराने त्याचं पातं काढून मला विळी करून दिली. जीप लिलावात गेली. ती भादव्यातली मुलगी आता मूलला असते, तिला नातवंडं आहेत. विळी माझ्या स्वयंपाकघरात आहे आणि अजून चिरते.