सुजाताच्या फोटोखालचा मजकूर

त्या सकाळी ऑफिसला निघायच्या गडबडीत फोन पाहिला, तर एम.ए.च्या आमच्या जुन्या ग्रुपवर सुजाताच्याच नंबरवरून तिचा फोटो आलेला. झेंडूच्या फुलांची चौकट, खाली दोन मेणबत्त्या आणि वर पिवळ्या अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मला हसू आलं... आज हे लिहिताना हात अडतो, पण तसंच झालं. अशी चित्रं गोळा करणं हा तिचा अभ्यासच होता. गुलाबाच्या पाकळ्या पडणारी, पणत्या हलणारी, मागे बासरी वाजणारी कितीतरी तिनं मला पाठवली होती. मला वाटलं, वर्गात दाखवायला हिनं स्वतःचाच फोटो घालून नमुना केला आणि तो चुकून ग्रुपवर पडला. मी तिच्या नंबरवर लिहिलं, ‘असले प्रयोग स्वतःवर नको गं करूस.’ लगेच दोन निळ्या खुणा उमटल्या. पाठोपाठ फोन वाजला, नाव सुजाताचंच. “काय गं...” म्हणत मी उचलला, तर पलीकडे तिचा धाकटा भाऊ मिलिंद होता.

“मीनलताई, प्रयोग न्हाई तो,” तो म्हणाला. “ताई गेली. काल सांजच्याला.”

मग तो बराच वेळ काहीतरी सांगत होता. कॉलेजात शिकवता शिकवता डोकं दुखायला लागलं, नारायणगावला नेलं, तिथून पुण्याला हलवायला सांगितलं, रस्त्यातच... मेंदूतली रक्तवाहिनी फुटली म्हणे. मला शब्द ऐकू येत होते, त्यांचा अर्थ लागत नव्हता. तिशी नुकती ओलांडलेली, कधी साध्या तापानंही न पडलेली सुजाता! फोन ठेवल्यावर मी पुन्हा ते चित्र उघडलं आणि त्यात कुठं काही चूक सापडते का ते पाहत राहिले. नावाचं शुद्धलेखन, फोटोची कड, काहीतरी. काहीच सापडलं नाही.

मी मंचरची, ती निमगाव सावाची. पुण्यात माध्यमांचा अभ्यास करायला आम्ही एकाच वर्षी आलो आणि पहिली ओळख शिवाजीनगरच्या एसटी स्टँडवर, नारायणगावच्या गाडीत झाली. मी मंचरला उतरायची, ती पुढं जायची. “तुमचा आंबेगाव तालुका लई नशीबवान, पुण्याहून लवकर येतो,” असं ती प्रत्येक वेळी म्हणायची. वडील एसटीत कंडक्टर, त्यामुळे गाडीत ती घरच्यासारखी वावरायची. वर्गात मात्र सुरुवातीचे महिने गप्प होती. सगळी पुस्तकं इंग्रजी, सिद्धांतांची नावं जड. मी तर रट्टा मारून मोकळी व्हायचे. तिला ते जमत नसे. एकदा सर समजावून सांगत होते की, लोक एकत्र जमून मोकळेपणानं चर्चा करतात आणि त्यातून लोकमत घडतं. आपल्याकडचं उदाहरण म्हणून त्यांनी गावचा पार सांगितला. सुजाता उठून उभी राहिली.

“सर, आमच्या आजोबांना त्या पारावर बसायची सोय नव्हती. लांब उभं राहून ऐकायचे. मग त्या लोकमतात त्यांचं मत धरायचं का?”

सर म्हणाले, “हा प्रश्न सोडू नकोस. याच्यावर वाच आणि मला येऊन सांग.” तिनं खरंच सोडला नाही. पुढं व्हॉट्सॲप ग्रुपांवर लिहितानाही तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. ॲडमिन कोण, आणि त्यानं कुणाला घेतलंच नाही?

ग्रंथालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड होते. दुपारी तिथं बसून आम्ही ते चाळायचो. मी कथा वाचायचे, ती आधी वाचकांची पत्रं उघडायची. कुण्या बाईनं लेखावर रागावून लिहिलेलं असायचं, पुढच्या अंकात दुसऱ्या गावच्या बाईचं उत्तर, त्याच्या पुढच्या अंकात पहिलीचं प्रत्युत्तर. सुजाताला याचं भारी अप्रूप. “मीने, महिनाभर राग टिकवून ठेवायचा म्हणजे केवढं काम! आपला तर दुसरी पोस्ट आली की संपतो.” एवढ्या मोठ्यांदा हसली की ग्रंथपालांनी आम्हाला बाहेर काढलं होतं.

लघुप्रबंधाला तिनं श्रद्धांजलीची चित्रं हा विषय घेतला, तेव्हा आम्ही सगळे तिला हसलो. फेसबुक, व्हॉट्सॲप आणि चौकातले फ्लेक्स यांतून आपल्या भागातली माणसं शोक कसा करतात, हे तिला बघायचं होतं. ओतूरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी तिच्याबरोबर गेले होते. सुजाताचं आडनाव विचारून झाल्यावर मालक खुशीत येऊन सांगत होते, “ताई, वाढदिवस आन् दहावा, दोन्हीला चौकट तीच. निस्ता केक काढायचा आन् समई टाकायची. तुमच्या लोकांचं आसंल तर मेणबत्ती.” सुजातानं शांतपणे लिहून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाली, “बघ, मरणातसुद्धा फाईल वेगळी सेव्ह करतात.” आणि नेहमीसारखी हसली. मला मात्र त्या दिवशी हसता आलं नाही.

मग अवसरी बुद्रुकच्या त्या काकू. त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला होता, आणि त्याचा फोन त्या रोज चार्ज करून देव्हाऱ्याशेजारी ठेवत. आम्ही मुलाखत घ्यायला गेलो, तर त्यांनीच सुजाताला विचारलं, “बाई, तुमी शिकल्याली हाय. ह्याचं रिचार्ज संपलं तर त्येचा आवाज पुसला जाईल का?” त्यात मुलानं मित्रांना पाठवलेले छोटे छोटे आवाजाचे मेसेज होते. क्रिकेटला येतो का, डिझेल आण, असलेच. सुजातानं रेकॉर्डर बंद केला. चटईवर काकूंच्या शेजारी बसली, एकेक मेसेज काढून त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये घेतला आणि तो कसा ऐकायचा ते त्यांच्या बोटाला धरून शिकवलं. काकूंनी ‘डिझेल आण’ पुनःपुन्हा ऐकलं. संध्याकाळ होऊन गेली तरी आम्ही तिथंच होतो.

परत आल्यावर मी सरांसमोर हे बोलून गेले. सर खुर्चीत पुढं सरकले. “सुजाता, हाच तुझ्या प्रबंधाचा गाभा आहे. हे लिहिलंस तर पीएच.डी.चं दार उघडेल.”

“न्हाई सर,” ती म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडी गावचं यायचं. “काकूंनी ते मला सांगितलं. विद्यापीठाला न्हाई.”

सरांनी समजावलं, नाव बदलता येतं म्हणाले, थोडे चिडलेही. ती बधली नाही. प्रबंध त्या प्रकरणाशिवाय गेला, गुण बेताचे मिळाले आणि पीएच.डी. राहिली ती राहिलीच. मी पुण्यात एका वृत्तसंकेतस्थळावर लागले. ती ओतूरला एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. तिथं मुलांकडून अंक काढून घ्यायची. संध्याकाळी कधीही फोन केला तरी घरी परतून मागच्या अंगणातल्या खुर्चीत बसलेली असायची. बिबट्याचा कुठला तरी व्हिडिओ ‘आपल्याच शिवारातला’ म्हणून फिरायला लागला आणि बाया खुरपायला जायच्या थांबल्या, तेव्हा ती मुलांना घेऊन मळ्यामळ्यात गेली. व्हिडिओतल्या दुकानाची पाटी मोठी करून दाखवली. पाटी परभाषेतली होती. “आता हा न्हाई म्हणून दुसरा नसेलच असं नाही, जपून राहा,” हेही सांगायला विसरली नाही. शेवटची भेटली ती नारायणगावच्या स्टँडसमोर, चहाला. नव्या अंकात वाचकांची पत्रं सुरू करणार होती. “एक महिना थांबायला लावणार पोरांना,” म्हणाली. माझी गाडी लागली होती, मी पळाले.

जलदान विधीच्या आधी मी निमगावला गेले. मिलिंदनं मला बाजूला घेतलं. “ताई, फ्लेक्सवाला मजकूर मागतोय. तू लिही. तिला ह्यातलं सगळं कळत व्हतं, कायबी लिवलं तर...” त्यानं कोरा कागद पुढं केला. मी कागद घेऊन बसले. रोज मथळे लिहिणं हे माझं काम. ‘माध्यम अभ्यासक’ लिहिलं, खोडलं. ‘विद्यार्थिप्रिय प्राध्यापिका’ लिहिलं, तेही खोडलं. ज्या शब्दांचं आम्ही दोघींनी वर्ष-वर्ष विच्छेदन केलं होतं त्यातला एकही मला उचलता येईना, आणि दुसरे शब्द सुचेनात. तिचे वडील मघापासून भिंतीला टेकून बघत होते. उठून जवळ आले.

“पोरी, भावपूर्ण श्रद्धांजली लिव.”

“काका, ते सगळ्यांच्याच फोटोवर असतं. तिचं काहीतरी वेगळं...”

“म्हणून तर म्हन्तोय,” ते म्हणाले. “लई दिस येगळं ठिवलं आमाला. सगळ्यांवर आसतं तेच लिव. सगळ्यांत ऱ्हाऊ दे तिला.”

मी तेच दोन शब्द लिहिले. खाली तिचं पूर्ण नाव. मिलिंद कागद घेऊन गाडीवर ओतूरला गेला.

घरात माणसांची दाटी होती, म्हणून मी उठले. मागच्या अंगणात आले. शेवग्याच्या झाडाखाली, गोठ्याच्या कोपऱ्याला एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची होती, पाठ जरा तडकलेली. तिच्यावर शेवग्याची फुलं पडून सुकली होती. कुणी झाडली नव्हती, खुर्ची उचललीही नव्हती. मी फुलं न झाडताच टेकले. घरात शिरल्यापासून माझ्या फोनला रेंज नव्हती. तिथं बसले आणि ती आली. ऑफिसचे, ग्रुपचे, सकाळपासून अडकलेले मेसेज एकामागोमाग वाजत सुटले. सुजाता रोज संध्याकाळी याच खुर्चीत का बसत असेल, ते मला तेव्हा कळलं.

आतून, चुलीपाशी बसलेल्या तिच्या आईचा आवाज आला, अगदी रोजचा, जरासा वैतागलेला.

“सुजे, ठिव गं त्यो फोन. आधी च्या पिऊन घे.”

फोन माझ्या हातात वाजतच होता, तो बंद करायचंही मला सुचलं नाही. थोड्या वेळानं आईच दारात आल्या, पदरानं कप धरलेला. माझ्याकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं... आणि कप माझ्या हातात दिला.