अळणी पथ्य

"तिथंच थांब. चपलांपाशी."

सोनपेठच्या डॉक्टरसाहेबांनी दारातच हात आडवा धरला. परभणीहून माझ्या रक्ताचा निकाल आला होता. बाजाराचा दिवस, दवाखाना भरलेला. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला एड्स झालाय."

अख्खं बाकडं माझ्यापासून सरकलं. मी जलशातला सोंगाड्या. मला बघायला पब्लिक पुढं सरकतं. मागं सरकलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जुलाबानं अंगात त्राण नव्हतं. सलाईन मागितली.

"तुझ्यावर सुई वाया घालवू? मीठ बंद कर. मिठानं रक्तातली घाण वाढते."

आमच्याकडं मोठं दुखणं आलं, की पहिलं मीठ तोडतात. त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. माझ्या बायकोनं, रुक्मिणनं, मिठाचं गाडगं चुलीपासून हलवलं आणि माझ्याबरोबर तीही अळणी जेवू लागली. परभणीच्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या. मी मात्र वाळतच चाललो.

उन्हाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरासाठी जलसा होता. मी हट्टानं उभा राहिलो. सोंग पाटलाचं. चालताना झोकांडी गेली, हशा. बोलताना शब्द सापडेना, टाळ्या. मग आडवाच झालो.

"वा रे पठ्ठ्या, परत पड," कुणीतरी ओरडलं.

दोष कुणाला देऊ? मी पडलो की हसायचं, हे मीच त्यांना शिकवलेलं. एकटी रुक्मिण उठली. "मरायलाय माझा माणूस. हसायलाव काय?"

तिनंच मला परभणीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझं मनगट उघड्या हातानं धरलं. रक्त तपासून म्हणाल्या, "सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, फार उतरलंय. रोगाशी लढायची ताकद खचली, की या आजारात असं बरेचदा होतं. मीठ खाऊन आजार जायचा नाही. पण जुलाब चालू असताना तुम्हाला अळणी ठेवलं कुणी?"

मी नाव सांगितलं. निघताना बाई म्हणाल्या, "पुन्हा जुलाब लागले तर लगेच सलाईन लावून घ्या. उशीर केलात तर जिवावर बेतेल."

लागले. परभणी लांब, सोनपेठ जवळ. रुक्मिणच्या खांद्यावर हात टाकून मी चपला ओलांडल्या आणि साहेबांच्या टेबलापुढच्या खुर्चीत बसलो. ऐटीत बसणं मला येतं, पाटील करून करून सवय झालेली. फक्त पीळ द्यायला मिशी नव्हती.

"ऊठ."

"उठवा की हात लावून," मी म्हणालो.

कंपाउंडरनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी कंपाउंडरकडं. हात कुणीच लावेना.

"काय पाहिजे तुला?"

"सलाईन. हितंच. आन् ह्या लोकांना सांगा, मीठ बंद करा म्हणालो ते चुकलं."

खुर्ची मोकळी होईना, तेव्हा कंपाउंडरनं हातमोजे चढवून सलाईन लावली. चुकलं, हे साहेब बोलले नाहीत. आजवर नाहीत. गावात अजून दुखणेकऱ्यांचं मीठ त्यांच्याच शब्दावर तुटतंय.

म्हणून पाटलाचं सोंग मी बंद केलं. आता डॉक्टरसाहेबांचं काढणार. सोनपेठच्या भर बाजारात, त्यांच्या दारासमोर. तोल गेला तर खाली बसून बोलीन. माझ्या रोगाचं नाव मी स्वतः घेणार, मोठ्यानं. आणि लगेच त्यांचं.