पावसाळ्यात कूलर घेणारा माणूस

आमच्या गल्लीत किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. लातूरला क्लासच्या गल्लीत आमचं घर. वरच्या चार खोल्यांत डॉक्टर व्हायला आलेल्या मुली राहतात. मे महिन्यात परीक्षा संपली की कूलर, टेबल, पलंग, आरसे असं सगळं मोबाइलवर विकायला निघतं आणि मग फसवणाऱ्यांचे फोन सुरू होतात. सामान जातं, मुली जातात. वर भिंतींवर पेन्सिलीनं लिहिलेली सूत्रं उरतात आणि खाली आमच्याकडे किस्से. संध्याकाळी पायरीवर बसून ते आठवायला लागले की मलाच कळत नाही, यातलं घडलेलं किती आणि दुपारच्या झोपेत पाहिलेलं किती!

* * *

पहिला मान अहमदपूरच्या पल्लवीचा. जिना उतरत ओरडतच आली, "काकू, टेबलाला गिऱ्हाईक आलं!"

गिऱ्हाईक म्हणे फौजेत होतं, थेट सीमेवर. टेबल न बघता पसंत. भाव न करता मान्य. न्यायला ट्रकसुद्धा येणार. पल्लवीनं फक्त त्यानं पाठवलेला कोड स्कॅन करायचा.

आमचे हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "सीमेवर अभ्यासाचं टेबल? कोणती परीक्षा देऊन राहिला, विचार त्याला!"

पल्लवीनं खरंच विचारलं. त्यानं फोन ठेवून दिला. आम्ही हसून लोळलो, पण ती दिवसभर हळहळत होती. "काकू, मी उगंच विचारलं. नापास झालेला असेल का हो?"

* * *

कोपऱ्यावर शकीलभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांच्या आजोबांपासून ते याच गल्लीत आहेत. पलंग जोडणं, कूलरला पाय लावणं, सगळं तेच करतात. त्यांनाही एकदा एक भेटला. पलंग ठरला, आणि पैसे भरल्याचा नुसता फोटो आला मोबाइलवर. खात्यात दमडी नाही. वरून तो माणूस विचारतोय, "टेम्पो पाठवू का?"

शकीलभाईंनी शांतपणे पलंग उन्हात ओढला, त्याचा छान फोटो काढला आणि पाठवून दिला. खाली लिहिलं, "तुमचा फोटो मिळाला, आमचा घ्या. झोपा आरामात!"

तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक मुलीला ते पाठ देतात. "हे बघ बेटा, पैशे घ्यायला पिन लागत न्हाई. पिन लागतो तो द्यायला. मेसेज बघू नको, फोटो बघू नको, आपल्या खात्यात किती हाय ते बघ."

यंदा हा पाठ त्यांनी सुवर्णाला तीनदा दिला, तोही मी सांगितल्यामुळे. सुवर्णा माहूरची. वडील गडाच्या पायथ्याशी नारळ-कुंकवाचं दुकान लावतात. दोन वर्षं घासून पोरीला सरकारी कॉलेजात जागा मिळाली, आणि वडिलांनी पहिल्या वर्षाची फी तिच्या खात्यात टाकली. ती फी सोमवारी भरायची होती. पैसे त्याच खात्यात, खातं त्याच मोबाइलवर, आणि त्याच मोबाइलवरून ही बया कूलर विकत होती. माझ्या जिवाला घोर लागला होता, खोटं कशाला बोलू.

* * *

आता मी फार शहाणी, असं वाटत असेल तर माझंही ऐका. मी जुनी शिलाई मशीन विकायला काढली. एका बाईंचा मेसेज आला, की पंधराशेऐवजी चुकून पंधरा हजार गेले. मग फोनवर बाईंचं रडणं. "ताई, मुलाच्या औषधाचे होते, वरचे लगेच परत पाठवा."

मलाही रडू आलं. पण मोबाइलवरून एवढी रक्कम पाठवायचा मला धीर होत नाही, म्हणून छत्री घेऊन मी बँकेत गेले. तासभर रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या मुलानं माझं खातं दोनदा पाहिलं.

"मावशी, पैसे आलेच न्हाईत. परत काय करून राहिलात?"

चोरांच्या इतिहासात त्यांच्यासाठी उन्हात रांग लावणारी मी एकटीच असेन! हे अजून चहाच्या वेळी मला त्या बाईंच्या मुलाची तब्येत विचारतात.

* * *

आणि एक खरा माणूस आला, तर आम्ही त्याचे हाल केले.

नांदेडचे एक गृहस्थ एका मुलीचा उभा आरसा घ्यायला एसटीनं आले. भाव केला नाही, पैसे लगेच पाठवले. इतकं सरळ वागल्यावर संशय येणारच! हे चष्मा लावून खात्यातली शिल्लक बघत बसले, मी शकीलभाईंना बोलावलं. बिचारे तासभर बैठकीत, पाहुणे असून आरोपीसारखे. मेथीची भाजी-भाकरी वाढली तीही आम्ही त्यांच्यावर नजर ठेवूनच. शेवटी सगळं चोख निघालं आणि आम्हाला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

ते आरसा चादरीत गुंडाळून निघाले. गाडी सुटताच चादर घसरली असावी, कारण रात्री त्यांचा मेसेज आला. "आरसा पोचला. खिडकीशी बसलो होतो. सगळा रस्ता दोनदा पाहिला."

तो मेसेज मी अजून पुसलेला नाही.

* * *

आता सुवर्णाचा कूलर.

श्रावण होता, पण पावसानं ओढ दिली होती आणि दुपार नुसती वितळत होती. सुवर्णानं कूलर खाली बैठकीत आणून ठेवला होता. त्याच्या ओल्या वाळ्याच्या वाऱ्यात मी चटईवर आडवी झाले होते. दाराशी आक्का झोपलेली. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. भूकंपात जमीनदोस्त झालेल्या गावाची. त्या पहाटेनंतर ती आमच्याकडे आली ती कायमची. इतकी वर्षं झाली, ती दारापाशीच झोपते आणि त्या पहाटेबद्दल बोलत नाही.

सुवर्णाला गिऱ्हाईक मिळालं होतं. पावसाळ्यात कूलर घेणारं! तिथंच आम्हाला शंका यायला हवी होती. मोबाइल खिडकीत टेकवलेला, व्हिडिओ कॉल चालू, आणि पलीकडून मधासारखा आवाज. "मॅडम, फुल स्पीड पे दिखाइए ना."

सुवर्णानं बटण फिरवलं. कूलर थरथरायला लागला.

"बहुत बढ़िया. अब कोड भेजा है, स्कॅन करो, पिन डालो, पैसा तुरंत."

हे मी ऐकलं. अर्धवट झोपेत, पाण्याखालून ऐकावं तसं. पिन म्हटलं की काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं, पण हात उचलेना, तोंडातून शब्द निघेना. माहूरचं दुकान दिसत होतं, नारळांची रास दिसत होती. आणि सुवर्णा, तीनदा पाठ ऐकलेली सुवर्णा, त्या गोड आवाजाच्या घाईत आकडे दाबत होती. एक. दोन. तीन. चारच आकड्यांचा पिन तिचा.

तेवढ्यात कूलर फरशीवरून चालायला लागला आणि जाऊन भांड्यांच्या मांडणीला भिडला. ताटं खणखणली, तांब्या गडगडत खाली आला.

"भुईकंप!"

आक्का कधी उठली, कुणी पाहिलं नाही. सत्तरीतल्या त्या बाईनं एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं सुवर्णाला ओढत अंगणात आणलं. सुवर्णाचा पाय वायरीत अडकला, प्लग निघाला, कूलर बंद. मोबाइल खिडकीत तसाच. हे बनियनवर धावत आले, शकीलभाई दुकानातून आले, सगळी गल्ली बाहेर.

"आक्का, कूलर होता गं तो," हे म्हणाले.

आक्का ऐकेना. दारात आडवी उभी राहून एकेकाच्या अंगाला हात लावून मोजत होती. सुवर्णा मला बिलगून रडायला लागली, "काकू, शेवटचा आकडा राहिला... काकू, तेवढाच राहिला." मीही रडले.

मोजून झालं तरी आक्काचं समाधान होईना. कारण आत खिडकीत कुणीतरी अजून बोलत होतं. "हॅलो? मॅडम, पिन डालो ना. हॅलो?"

आक्का खिडकीकडे वळली आणि गजांतून जिवाच्या आकांतानं ओरडली, "आरं लेकरा, पिन-बिन ऱ्हाऊ दे! भुईकंप हाय! तू आदी भाईर निघ!"

तिकडे फोनमध्ये खुर्ची सरकली, कडी निघाली, आणि जिन्यावरून धावत उतरणारी पावलं आम्ही सगळ्यांनी ऐकली.